नांगर न लागलेला भात

तारापूरकडे जाऊन आले म्हटलं की आमच्या गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो. अणुवीज केंद्र पाहिलंस का? नाही पाहिलं. लांबून त्याचं उंच धुराडं दिसलं, तेवढंच. मी तिथे जे पाहिलं ते सांगायला लागले की लोकांचा चेहरा पडतो, कारण त्यात वीज नाही, यंत्र नाही. आहे तो मूठभर भात. त्या भातापायी मी दोन दिवस वणवण केली, चिखलात आपटले आणि एका हवालदाराशी हुज्जत घातली. सगळा दोष माझाच होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

आधी माझ्याविषयी. पाटण तालुक्यातल्या डोंगराकडेच्या एका गावात आमची सात एकर जमीन. मी शिवणवर्ग चालवते, लग्न केलेलं नाही आणि हट्टी म्हणून पंचक्रोशीत माझं नाव आहे. हा हट्ट वडिलांकडून आला. तात्यांचा अभिमान एकच. "माझ्या रानात नांगर न लागलेली वीतभर जागा दाखवा," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. बेंदराला बैलांच्या आधी नांगराला हळदकुंकू लावणारा माणूस.

माझा धाकटा भाऊ वसंता तारापूरजवळ बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर. त्या साली त्याच्या बायकोला, शालनला, सातवा महिना लागला होता. तिला मदत म्हणून मी श्रावणात पंधरा दिवसांसाठी गेले.

श्रावण वद्य चतुर्थी, बोईसर

वसंताची चाळ म्हणजे दहा खोल्यांची एक ओळ, वर सिमेंटचे पत्रे. एक खोली बीडची, एक जळगावची, दोन कोकणातल्या, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून उत्तरेकडची दुलारी भाभी. वारा कुठून आहे ते तिथे वासावरून कळतं. पश्चिमेकडून आला तर सुकत घातलेली मासळी, पूर्वेकडून आला तर कारखान्यातलं काहीतरी, ज्याला नाव नाही पण डोळ्यांत पाणी येतं. चार दिवसांत मला मासळीचा वास आवडायला लागला, यावरून काय ते समजा.

दुलारी भाभी रायबरेलीकडच्या खेड्यातली, चाळिशीपुढची, उंच आणि काटक. बारा वर्षं बोईसरला राहून तिची भाषा खिचडी झाली होती. नवरा गावी शेती बघायचा. इथे ती आणि तिचा एकुलता मुलगा रामसेवक. तो बावीस वर्षांचा, एका कारखान्यात बॉयलरवर कामाला. सगळे मला अक्का म्हणतात म्हणून तीही म्हणायची, वर आदरासाठी 'जी' लावून.

त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड होती. दुलारी भाभी एक कापडी पुरचुंडी घेऊन आली. "अक्काजी, ये जरा तुमच्या शेगडीजवळ ठेवा. ओल लागलीय. परसों लागेल मला."

मी उघडून पाहिली. आत लालसर, बारीक तांदूळ आणि थोडी सुकलेली मोहाची फुलं. असला हलका तांदूळ कुणी एवढा जपतं का, असं मनात आलं, पण विचारलं नाही. फुलं वाटीत काढली, तांदूळ ताटलीत पसरला आणि शेगडीजवळ ठेवला. शेजारीच सुपात आमचा रेशनचा तांदूळ वाळत घातलेला होता.

दुपारी पत्र्याची एक कड गळायला लागली, नेमकी शेगडीवर. शालनला वाकता येत नव्हतं. मी धावले. सूप उचललं, ताटली उचलली, वाटी उचलली आणि हाताशी आलेल्या पहिल्या डब्यात सगळं ओतलं. मिसळलं हे मला तेव्हाच दिसत होतं. म्हटलं, शेतकऱ्याची पोर आहे, लाल आणि पांढरा वेगळा करायला कितीसा वेळ लागतो? पाणी बंद झाल्यावर ताट घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत दाणा न् दाणा निवडून काढला. मोहाची फुलं तर आधीच वेगळी झाली होती. पुरचुंडी पुन्हा जशीच्या तशी बांधली. कुणाला सांगायची गरज नाही, असं मी ठरवूनही टाकलं.

दिवेलागणीला दुलारी भाभी आली ती बोरीची काटेरी फांदी घेऊन. ती डालड्याच्या रिकाम्या डब्यात चिखल घालून त्यात रोवायची होती, कारण चाळीला अंगण नव्हतं. शालननं विचारलं, "भाभी, परवा काय असतं तुमच्यात?"

"हलछठ. बलदाऊचा जनमदिन. किशनजीचा मोठा भाई, हल घेऊन चालतो तो."

म्हणजे बलराम. मी मनात म्हटलं, कमाल आहे. आमच्याकडे कृष्णाच्या दहीहंडीला सगळा गाव गोळा होतो, आणि खांद्यावर नांगर घेतलेल्या त्याच्या थोरल्या भावाला आम्ही शेतकरी लोक साधा नमस्कारही करत नाही.

पुढे तिनं सांगितलं ते ऐकून मात्र मी तिची पुरचुंडी मांडीवर ओढून घेतली. त्या दिवशी आई मुलासाठी उपास धरते. नांगरलेल्या जमिनीवर पाय ठेवत नाही. नांगरानं पिकवलेला दाणा तोंडात घालत नाही. गाईचं दूधही नाही, फक्त म्हशीचं, कारण गाईचा बछडा नांगर ओढतो. तळ्यात आपोआप उगवणारा पसहीचा तांदूळ आणि मोहाची फुलं, एवढंच खायचं.

"नांगराच्या देवाचा वाढदिवस आणि नांगराचंच खायचं नाही?" शालन हसली.

"जनमदिन है तो हल को छुट्टी नको?" दुलारी भाभी म्हणाली. "सालभर राबतो बिचारा."

मला हसू आलं नाही. आमची आई ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाही. परड्यात कुदळीनं लावलेली भाजी तेवढी खाते. लहानपणी मी त्या भाजीत चिमूटभर बाजारची डाळ टाकली होती, तर आईनं अख्खं भांडं गोठ्यात नेऊन रिकामं केलं होतं. दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं तर चाललं असतं. मला कळायला हवं होतं.

फांदी रोवता रोवता दुलारी भाभी व्रताची कहाणी सांगू लागली. एक गवळण होती, दिवस भरलेली. दूध विकायला निघाली आणि वाटेतच बोरीच्या झुडपाखाली बाळंत झाली. बाळाला तिथेच ठेवून ती गावात गेली. त्या दिवशी हलछठ. तिनं गाईचं आणि म्हशीचं दूध एकत्र केलं आणि निव्वळ म्हशीचं म्हणून विकलं. इकडे शेजारच्या शेतात बैल बुजले आणि नांगराचा फाळ बाळाला लागला. परत आल्यावर गवळणीला कळलं की हे आपल्या मिसळीचं फळ. ती उलट पावली गावात गेली आणि दारोदार सांगत सुटली, बायांनो, मी मिसळलं, मी खोटं बोलले. बायांनी तिला माफ केलं. ती परतली तेव्हा बाळ हसत होतं.

माझ्या मांडीवर ती पुरचुंडी होती. मी लगेच म्हटलं, "भाभी, मीही मिसळलं."

सगळं सांगितलं. गळकं छप्पर, सूप, डबा, संध्याकाळपर्यंतची निवडानिवड. ती रागावली असती तर बरं झालं असतं.  ती हळूच म्हणाली, "सेवकच्या आधी दो थे. पहिला असाच गेला, महिन्याचा. दुसरा होता तेव्हा माझं व्रत सुटलं, ताप होता, सासूनं गव्हाची रोटी भरवली. तो कार्तिकात गेला. सेवक झाला तेव्हापासून बाईस साल चुकलं नाही." डब्यातला चिखल दाबत पुन्हा म्हणाली, "रहने दो अक्काजी. पानी पे कर लूँगी." पण तिची नजर भिंतीवरच्या खुंटीकडे गेली. तिथे माझ्याकडे रफूला आलेला रामसेवकचा कामाचा शर्ट लटकत होता, बाहीला बॉयलरच्या आगीनं पडलेलं भोक.

मी असलं काही मानत नाही. ताप येतो तो तापानं, मूल जातं ते रोगानं. पण हे भय तिच्या मनात पुन्हा मी घातलं होतं, आणि ते माझ्या मानण्या न मानण्यानं जाणार नव्हतं. मी म्हटलं, "परवा दुपारपर्यंत मी तुला नांगर न लागलेला तांदूळ आणून देते."

"इथे कुठून?" शालन म्हणाली.

"ते मला माहीत नाही. पण आणते."

वद्य पंचमी, पालघर आणि माकुणसार

सकाळी दांडी गावची हिरामावशी मासळी घेऊन आली. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या नुकत्याच सुटल्या होत्या, त्यामुळे तिच्या टोपलीला आणि तोंडाला दोन्हीकडे बहर होता. आम्ही श्रावण पाळतो हे ठाऊक असूनही ती रोज आमच्या दारात टोपली उतरवायची. मी तिला तांदळाचं विचारलं. ती कमरेवर हात ठेवून हसली.

"नांगराबिगर भात? अगं, माझ्या माहेरी माकुणसारला खाऱ्यात नांगर घातलास तर बैल वर काढाला दुसरा बैल लागंल! आमी चिकलात नुसतं बी फेकतो. लाल भात होतो. माझी भावजय हाय, कमळाबाय. हिरानं धाडलं म्हून सांग."

देव पावला म्हणायचं की हिरामावशी, मला कळेना. पिशवीत एक लुगडं टाकून मी निघाले. वसंता मागून म्हणाला, "अक्का, हवा खराब आहे." मी म्हटलं, "हवा तिचं काम करील, मी माझं."

पालघरला आधी उतरले, कारण मोहाची फुलंही हवी होती. ती निवडलेली असली तरी त्याच डब्यात पडली होती. बाजारात डोंगराकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. कुर्डू, टाकळा, करांदे. आमच्याकडच्या भाज्याच, पण वेगळ्या ताजेपणानं. एका म्हातारीला मी मोकळ्या आवाजात विचारलं, "आजी, मोहाची फुलं मिळतील का?"

आजूबाजूच्या चार जणी एकदम गप्प झाल्या. म्हातारीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "कोनी धाडलं तुला?"

माझ्या ध्यानात येईपर्यंत मागे हवालदार उभा होता. मोहाच्या फुलांची दारू होते आणि फुलं बाळगायलाही सरकारी नियम आहेत, हे आमच्या घाटावर कुणाला माहीत असतं? "फुलं कशाला पाहिजेत बाई?" त्यानं विचारलं.

"देवाला."

"कुठल्या देवाला मोह लागतो?"

"बलरामाला." आणि बलराम पिणारा होता असं पुराणात म्हणतात, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. हवालदारालाही ते ठाऊक असावं. तो असा काही हसला की मी तापले. मग मात्र त्याला उभं करून हलछठ, पसही, गवळण, सगळं ऐकवलं. गर्दी जमली. शेवटी तोच कंटाळला आणि म्हणाला, "आजी, दे गं मूठभर. नाहीतर ही बाई मला इथेच उपास घडवील." म्हातारीनं कमरेच्या पुरचुंडीतून फुलं काढून दिली, आणि पैसे घेईना. "पोराच्या उपासाचं हाय ना? मंग ऱ्हाऊ दे," म्हणाली. तिथे मी पहिल्यांदा त्या मुलखाच्या पाया पडले, मनातल्या मनात.

माकुणसारला पोचले तेव्हा दुपार टळली होती. वाटेवर दोन्ही बाजूंना भाताचा हिरवा रंग, मधूनच नारळी, पलीकडे खाडी. कमळाबाईचं घर कौलारू, ओटा शेणानं सारवलेला. कमळाबाई पन्नाशीची, ठेंगणी, बोलण्यात पटकन. तिचा नवरा पांडूदादा ओट्यावर जाळं विणत बसला होता. हिरामावशीचं नाव काढताच आधी जेवायलाच बसवलं. तांदळाची मऊ भाकरी, नाळीची भाजी आणि सुक्या जवळ्याची चटणी.

"माझा श्रावण आहे," मी चटणी बाजूला सारली.

"श्रावन तुमचा, भूकबी तुमची," कमळाबाई म्हणाली आणि कैरीचं लोणचं वाढलं. आमची ज्वारीची भाकरी पाठीवर थाप बसल्यासारखी खणखणीत असते, ही हातात घेतली की दुमडते. मी तीन खाल्ल्या.

मग कामाचं सांगितलं. पांडूदादा उठला, कणगीतून लाल तांदळाची ओंजळ काढून त्यानं माझ्यापुढे धरली. हुबेहूब तसाच, लाल आणि बारीक. माझा जीव भांड्यात पडला. मी पिशवी उघडली, तेवढ्यात कमळाबाई म्हणाली, "आवो, पर याला नांगर लागलाय."

"गप गं," पांडूदादा म्हणाला.

"गप काय? सरकारनी खाडीला बांध घातला त्याला चार वर्सं झाली. आतली जमीन गोडी झाली. गेली दोन वर्सं नांगरताय की नाय तुमी?"

पांडूदादानं माझ्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता. त्याला पाहुणीला मोकळ्या हातानं पाठवायचं नव्हतं. "बाय, तांदूळ तोच हाय. तिकडं बोईसरला कोन इचारतं? तिला तरी काय कळनार?"

खरं सांगते, क्षणभर मला ते पटलं. पाय दुखत होते, शेवटची एसटी तासाभरात होती. दुलारी भाभीला कधीच कळलं नसतं. पण कालच मी गवळणीची कहाणी ऐकली होती, आणि ती पण बाजारात हेच म्हणाली असणार. मी पिशवी बंद केली.

"मला कळेल ना," मी म्हटलं. "नांगर न लागलेली जागा राहिलीच नाही का कुठे?"

"हाय की," कमळाबाई म्हणाली. "बांदाच्या भायेर. पर थितं जायाला भरती उतरली पायजे. तुमची गाडी जाईल."

"गाडी उद्याही असते."

भरती ओसरल्यावर ती मला बांधावरून घेऊन गेली. आत गोड्या पाण्याचा भात हिरवागार, ओळींत लावलेला. बाहेर तिवरांच्या झुडपांच्या कडेला एक तुकडा होता. त्यात ओळ नाही, काही नाही, चिखलातून भाताचे झुपके मनाला येईल तसे उभे. मी हट्टानं पाय घातला तर मांडीपर्यंत गेला. नांगर सोडाच, तिथे बैलाला उभंही राहता आलं नसतं. "सासरा टाकीत होता, मंग ह्यो टाकतो," ती म्हणाली. "भरती येते, खारं पानी येतं, तरी येतोच भात. कवा लई, कवा मूठभर." तात्यांनी हा तुकडा पाहिला असता तर त्यांना रात्रभर झोप आली नसती, असं मला वाटलं.

पण तो भात अजून पोटरीतच होता, लोंबी बाहेर पडली नव्हती, आणि गेल्या सालचा खाऊन संपला होता. मी त्या बांधावर बसले. इतक्या लांब येऊन हाती काय, तर नुसता पुरावा. डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलंही नाही.

कमळाबाईनं मला हाताला धरून उठवलं. घरी आल्यावर तिनं ओट्यावर पाट ठेवला, त्यावर चढली आणि दाराच्या चौकटीवर टांगलेली लोंब्यांची जुडी सोडली. धुरानं काळपट झालेली, दाण्यांना लांब कुसळं.

"काय करतेस? लक्ष्मी हाय ती घरची," पांडूदादा उठलाच.

"भायेरच्या तुकड्यातली हाय. पयली कापनी आमी दारावर बांधतो," ती मला म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "देवाची हाय, देवालाच चाललीय. माझी दोन पोरं दर्यावर जातात. तिचा आगीपाशी हाय. दोगींचं सारखंच."

 मग त्यानंच जुडी केळीच्या पानात गुंडाळली आणि सुंभानं बांधून दिली.

वद्य षष्ठी, परत बोईसर

सकाळच्या एसटीसाठी मी उजाडतानाच निघाले. कमळाबाई बांधापर्यंत आली. "आज हळशट हाय म्हनता ना? मंग बांदाबांदानंच जा. नांगरलेल्यात पाय टाकू नको, हातात देवाचं हाय." उपास माझा नव्हता, पण मी मान डोलावली. बांध जेमतेम पाऊलभर रुंद, वर गवत, रात्रीच्या पावसानं निसरडा. लांबून एसटीचा भोंगा ऐकू आला आणि मी घाई केली. घाई केली की काय होतं ते चतुर्थीला पाहिलं होतं, तरी केली. पाय सटकला आणि मी कमरेपर्यंत शेतात. शेत अर्थातच नांगरलेलं.

एक गोष्ट मात्र मी केली. पडताना जुडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. चेहरा चिखलात गेला, जुडी गेली नाही. एसटी निघून गेली. पुढची पकडून, चिखल वाळलेल्या लुगड्यानिशी (दुसरं आदल्या दिवशीच खाडीच्या चिखलात भरलं होतं), लोकांच्या नजरा झेलत मी दुपारी बाराला बोईसरला पोचले.

दुलारी भाभी आंघोळ करून, केस मोकळे सोडून बोरीच्या फांदीपुढे बसली होती. पाण्याचा तांब्या आणि म्हशीचं दही तेवढं शेजारी. दही तिनं स्वतः तबेल्यात उभं राहून काढून घेतलेल्या दुधाचं लावलं होतं. गवळ्याच्या शब्दावर ती या एका दिवशी विश्वास ठेवत नाही. तिनं माझ्या हातातल्या केळीच्या पानाकडे पाहिलं. 

मी जुडी तिच्यापुढे ठेवली आणि मग सगळं सांगितलं. कणगीतला तांदूळ मी का आणला नाही, बांधाबाहेरचा तुकडा मी मांडीपर्यंत रुतून कसा पाहिला, जुडी कुणाच्या दारावरची होती. आणि शेवटी हेही सांगितलं की येताना मी नांगरलेल्या शेतात पडले. "जुडी लागली नाही जमिनीला. पण मी लागले. चालत नसेल तर आत्ताच सांग."

ती माझ्या लुगड्याकडे, मग चेहऱ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "व्रत मेरा है अक्काजी," ती म्हणाली. "पैर तो आपका था ना?"

दाणे चोळून काढले, शालनच्या खलबत्त्यात हलक्या हातानं कांडले, पाखडले. ओंजळभर तांदूळ निघाला. तो तिनं मोहाच्या फुलांबरोबर शिजवला. पळसाच्या पानावर वाढला, फांदीपुढे ठेवला आणि रामसेवक कामावरून यायची वाट पाहत बसली. तो आला, तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मगच पहिला घास घेतला. दुसरा घास तिनं मला दिला. मी म्हटलं, "मला मूलबाळ नाही, मला कसा चालेल?" ती म्हणाली, "भाईच्या घरी येणार आहे ना. खाओ." जाडसर, थोडा खारट, मोहाच्या वासाचा. मी आयुष्यात खाल्लेल्या कुठल्याही पक्वान्नाची चव मला इतकी स्पष्ट आठवत नाही.

जुडीतल्या चार लोंब्या तिनं बाजूला काढून ठेवल्या होत्या. निघताना त्या माझ्या पिशवीत टाकल्या. "बो देना कहीं," म्हणाली. "हल मत लगाना बस."

घरी आल्यावर तात्यांना हे सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण नांगर न लावता पेरायचं म्हटल्यावर तोंड फिरवून बसले. "माझ्या रानात असलं चालायचं नाही," एवढंच बोलले. मी वाद घातला नाही. लोंब्या माजघरात टांगून ठेवल्या.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधी मी त्यांची न्याहारी घेऊन रानात गेले. ओढ्याकडेच्या खालच्या वावरात पाण्याचा एक पाझर आहे. तिथे कायम चिखल असतो, पण तात्या हट्टानं तोही दरसाल नांगरायचे. मी बांधावर उभी राहून बघत होते. बैल त्या चिखलापर्यंत आले. तात्यांनी त्यांना थांबवलं. नांगराच्या रुमण्याला, मुठीला हात घातला आणि सत्तरीच्या माणसानं तो नांगर जमिनीतून उपसून उचलून धरला. बैलांना हाकत, नांगर तसाच अधांतरी धरून ते सहा पावलं चालले आणि पाझराच्या पलीकडे फाळ पुन्हा टेकवला.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाक तुझं बी."